मशिदीचा खांब चिखलात

ती घटना आजही आठवते. आठवली की आता हसू येतं. नव्वदच्या दशकाची सुरुवात, दिवस तणावाचे. मी भाईंदरला पोलीस निरीक्षक होतो. एका शुक्रवारी सकाळी उत्तनजवळच्या जुन्या मशिदीचे मुतवल्ली, म्हणजे कारभारी, धापा टाकत ठाण्यात आले.

"साहेब, आतला नक्षीचा खांब चोरीला गेलाय. दुपारी जुम्म्याच्या नमाजाला लोक येतील. पोरं डोक्यात राख घालतील, मी कोणाकोणाला आवरू?"

पंचनाम्याला गेलो. मशीद गलबतांच्या व्यापाऱ्यांनी बांधलेली. भिंती दगडी, पण छत उलट्या ठेवलेल्या होडीसारखं, सागवानी खांबांवर तोललेलं. सांध्यांत खिळे नाहीत, लाकडी खुंट्या. एक खांब गायब होता आणि त्याच्या जागी सुरूच्या लाकडाचा भक्कम टेकू. मी हवालदाराला विचारलं, "छत पडू नये म्हणून टेकू लावून जाणारा चोर कधी पाहिलायस?"

टेकूला होडीचा निळा रंग लागला होता. बंदरावर चौकशी करताना एका मासळीवालीने खबर दिली, की उत्तनच्या सुताराने होडीतून लांबलचक लाकूड नेलं. होड्या बांधणाऱ्या त्या ख्रिस्ती सुताराला ठाण्यात आणलं. हवालदाराने आवाज चढवला, पण गडी शांत.

"चोरला न्हाय, साहेब. बुडाला वाळवी लागली होती. बांग देणारे चाचाच म्हणाले, नेऊन नीट कर. खाडीच्या चिखलात पुरलाय. खारं पाणी मुरलं की वाळवी मरते. आमी होडीचं लाकूड असंच करतो."

चाचा आदल्याच दिवशी रत्नागिरीला लेकीकडे गेले होते; मुतवल्लींना सांगायचं ते विसरले, हे नंतर कळलं. खरंखोटं आता ओहोटीच ठरवणार होती. मुतवल्लींना आणि सकाळपासून तापलेल्या तरुणांना घेऊन मी खाडीवर गेलो. नमाजाची वेळ जवळ येत होती आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

पाणी उतरलं. सुताराने खुणेच्या बांबूपाशी उकरलं आणि चिखलातून नक्षीची वेल वर आली. मला इतकं हायसं वाटलं, की मी सगळ्यांदेखत त्याच्या पाठीवर थाप मारली.

"घेऊन चला," मी म्हटलं.

मुतवल्लींनी रुमालाने नक्षी पुसली, खांबाचं बूड निरखलं. "नको, साहेब. वाळवी आहे अजून. मिस्त्री, काम पुरं झालं की आण."

सकाळी आरडाओरडा करणाऱ्या तरुणांनीच खांबावर पुन्हा चिखल लोटला.

नोकरीत चोर पुष्कळ पकडले. पण चोरी झालीच नव्हती, हे वेळेत लोकांच्या डोळ्यांना दाखवणंही पोलिसाचंच काम, हे तिथे शिकलो. त्या दुपारी वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुताना, सगळ्यांच्या पायांच्या चिखलाने मशिदीचा हौद गढूळ झाला, आणि माझ्या हद्दीत एक दगडही उचलला गेला नाही.