थोरल्या काकूंचा निरोप

टीव्हीवरच्या मालिकेतल्या थोरल्या काकू जाणार, ही बातमी आमच्या घरात शेजारणीने आणली. सकाळची वेळ होती. सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या आणि मी डबे भरत होते. काकूंचं काम करणारी बाई मालिका सोडतेय, असं शेजारणीने मोबाइलवर वाचलं होतं. सासूबाईंनी जुडी खाली ठेवली.

"सोडतेय म्हणजे? मारतले काय तिका?"

एरवी त्या माझ्याशी शुद्ध बोलतात. मालवणी फक्त जिवाला लागलं की येते.

मालिका सुरू झाली तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती, आता ती बारावीला आहे. तेवढ्या काळात थोरल्या काकूंनी घर दोनदा लिलावातून वाचवलं, एकदा त्यांची स्मृती गेली आणि गणपतीत परत आली, शिवाय डायबेटीस झाला. त्यांचं नाव काय हे मालिकेत कुणी कधी घेतलं नाही. सगळे थोरल्या काकूच म्हणायचे, म्हणून आम्हीही.

मी चेंबूरची. लग्न होऊन बोरीवलीत आले त्यानंतर बरीच वर्षं माझं आणि सासूबाईंचं बोलणं म्हणजे "दूध आलं का" आणि "गॅस संपत आलाय". भांडण नव्हतं, पण भांडायलासुद्धा थोडी ओळख लागते. मग एका संध्याकाळी थोरल्या काकू आपल्या सुनेला म्हणाल्या, "माहेरी खुशाल जा, पण सांगून जा." सासूबाई टीव्हीकडे बघतच म्हणाल्या, "बरोबर बोलली." मी त्याच दिवशी न सांगता चेंबूरला जाऊन आले होते.

मीही टीव्हीकडेच बघत म्हटलं, "काकूंनी फोन करून विचारायला काय हरकत होती?"

"तिच्याकडे सुनेचा नंबर नसेल."

दुसऱ्या दिवशी मी माझा नंबर त्यांच्या फोनमध्ये घालून दिला. तेव्हापासून आमची प्रत्येक कुरबुर साडेसातला, थोरल्या काकूंच्या मध्यस्थीने मिटायची. नवरा जेवता जेवता विचारायचा, "तुम्ही दोघी नक्की कुणाबद्दल बोलताय?" आम्ही दोघी एकदम म्हणायचो, "सीरियलबद्दल."

अशी बाई न भेटता कशी जाऊ द्यायची, असं सासूबाईंचं म्हणणं पडलं. आमच्या सोसायटीतला एक जण त्याच मालिकेच्या सेटवर लाइटचं काम करतो. सासूबाईंनी त्याच्या बायकोला गाठून काकूंच्या शेवटच्या शूटिंगचा दिवस काढला आणि मला ऑफिसातून रजा घ्यायला लावली. आदल्या दिवशी त्यांनी मेथीचे लाडू केले. बिनसाखरेचे, बिनगुळाचे.

"आई, डायबेटीस काकूंना आहे. त्या बाईंना नसेल."

"असला तर?" त्या म्हणाल्या. विषय संपला.

मालाडहून बस पकडून आम्ही मढला गेलो. ज्या वाड्यात थोरल्या काकूंनी इतका संसार केला तो म्हणजे भाड्याने दिलेला एक बंगला निघाला. त्याचा जिना चार पायऱ्यांनंतर नुसता भिंतीला टेकला होता. सासूबाईंनी तो दोनदा निरखून पाहिला. "मग ही वर झोपायला जायची कुठून?" त्यांनी मला विचारलं.

लाइटवाल्याने आम्हाला कोपऱ्यात दोन खुर्च्या दिल्या आणि अजिबात आवाज करू नका म्हणून बजावलं. निरोपाचा प्रसंग सुरू झाला. काकूंनी उंबऱ्याला हात लावला, सुनेच्या हातात किल्ल्या दिल्या आणि म्हणाल्या, "आता घर तुझं." सगळीकडे शांतता होती आणि त्या शांततेत माझ्या शेजारून एक मोठा हुंदका आला.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. "कोण रडतंय?"

सगळं युनिट आमच्याकडे वळलं. सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला. दुसऱ्या टेकला त्या पुन्हा रडल्या, तिसऱ्यालाही. चौथ्याला मी त्यांच्या हातात एक लाडू दिला. तो तोंडात असेपर्यंत प्रसंग पार पडला.

मग थोरल्या काकू स्वतः आमच्याकडे आल्या. नऊवारी, कपाळभर कुंकू आणि खाली पायांत स्पोर्ट्सचे बूट. "तुम्ही माझ्यासाठी रडलात?" त्यांनी विचारलं. सासूबाईंनी उत्तराऐवजी डबा पुढे केला. त्या बाईंनी एक आख्खा लाडू सावकाश खाल्ला, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही आणि "छान झालाय" म्हणाल्या. इतका अभिनय मी त्यांचा मालिकेत कधी पाहिला नव्हता.

"आता कुठे जाणार तुम्ही?" सासूबाईंनी विचारलं.

"मुलुंडला, घरी. गुडघ्याचं ऑपरेशन करून घेणार. इतकी वर्षं सुट्टीच मिळत नव्हती."

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. स्वतःचा डावा गुडघा करून झाल्यामुळे त्यांनी पहिल्या दिवसापासूनचे व्यायाम उभ्याने करून दाखवले. निघताना म्हणाल्या, "घरात सून आहे ना बघायला? तुम्ही तिला इतकं जपलंत."

"मला सून नाही हो. लग्नच नाही केलं मी."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "मग ते सगळं, सुनेला कसं वागवावं ते..."

"ते लिहून देतात," त्या बाई हसून म्हणाल्या. "लिहिणारा मुलगा पंचविशीचा आहे. तोही बिनलग्नाचाच."

परतीच्या बसमध्ये सासूबाई मालाड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. उतरायच्या आधी म्हणाल्या, "तेरा वर्षं, गो. तेरा वर्षं मी त्या पोराचं ऐकून घर चालवलं."

आठवड्याने तो भाग लागला. थोरल्या काकूंना मारलं नाही, गावी पाठवलं. किल्ल्यांच्या प्रसंगात मागून बारीकसा हुंदका ऐकू आला. मुलगी म्हणाली ते संगीत आहे. सासूबाई म्हणाल्या तो त्यांचाच आहे, आणि शेजारच्या तिन्ही घरांत तसं कळवूनही आल्या.

पुढच्या संध्याकाळी मालिका काकूंशिवाय चालू राहिली. सासूबाईंनी पाच मिनिटं पाहिली, रिमोटने टीव्ही बंद केला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"एक सांगू? तू ओला टॉवेल पलंगावर टाकतेस ते मला अजिबात आवडत नाही. लग्न झाल्यापासून आवडत नाही."

मी सवयीने टीव्हीकडे पाहिलं, पण तो बंद होता. मग मी म्हटलं, "तो टॉवेल तुमच्या मुलाचा असतो, आई."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

आतून नवरा टॉवेल उचलताना ऐकू आला. आम्ही दोघी साडेआठपर्यंत भांडलो. बऱ्याच जुन्या गोष्टी निघाल्या, चेंबूरचीही निघाली. शेवटी त्याच म्हणाल्या, "पुरे आता. बाकीचं उद्या बोलू." आणि उठून कुकर लावायला गेल्या.