नऊ ठोकळे

कारखान्यात त्याला सगळे अर्धसूत म्हणायचे. जोडात अर्ध्या सुताची फट दिसली तरी अख्खं काम उतरवायला लावायचा. मी त्याच्या शेजारच्या बाकावर एकवीस वर्षं कानस चालवली. त्याचा हात चोख, जीभ कडू. घाम आला नाही म्हणजे काम झालं नाही, असं तो म्हणे. थंडीतसुद्धा.

निवृत्तीनंतर त्याच्या हाताला काम उरलं नाही. मग नात सापडली.

पोर आठ वर्षांची. सांगितलेलं तिच्या डोक्यात टिकत नसे. शाळेने सांगितलं, मानसशास्त्रज्ञ बाईंकडून बुद्धीची चाचणी करून आणा. अहवालात अडचण दिसली तर रोज दोन तास वेगळी शिक्षिका देऊ; नाहीतर वर्गाबरोबर चालावं लागेल. सूनबाईला ती शिक्षिका हवी होती. अर्धसुताने एकच शब्द ऐकला, चाचणी. त्याने जन्मात एकच चाचणी दिली होती, फिटरची. तिच्यासाठी महिनाभर लोखंडाचे चौकोन घासले होते आणि पहिल्या झटक्यात पास झाला होता.

चाचणीच्या पहिल्या दिवशी पोर अर्ध्यातच रडायला लागली. बाईंनी दीड महिन्यानंतरची तारीख दिली. वर बजावलं, "आजोबा, घरी सराव घेऊ नका हं. ती आहे तशी मला दिसली पाहिजे."

संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन हसला. "आपला फोरमनही हेच म्हणायचा. ज्यांनी ऐकलं ते हमालच राहिले."

आत काय काय विचारलं ते त्याने पोरीकडून खोदून काढलं. लाल-पांढरे नऊ ठोकळे, त्यांची चित्राबरहुकूम नक्षी. उलटे म्हणायचे आकडे. ठोकळे त्याने कापले, रंग मी दिला. काटकोन असा की मापाचा गुण्या लावला तरी फटीतून उजेड दिसणार नाही.

मग रोज शाळा सुटली की बैठक. त्याच्या एका हातात घड्याळ, दुसऱ्यात पोलादी पट्टी. चुकली की पट्टी बोटांवर, आडवी नाही, धारेने.

"आजोबा, शू लागलीय."

"नक्षी लाव, मग जा."

एकदा फरशी ओली झाली. ती त्याने तिच्याकडूनच पुसून घेतली. मी तिथेच होतो. म्हटलं, "अरे, पोर आहे, ओतीव बिडाचा तुकडा नाही."

"बीड बरं. बीड रडत नाही. तू रंगाचा दुसरा हात दे."

मी दिला.

दिलेल्या तारखेला चाचणी पुन्हा झाली. अहवाल आला: बुद्धी वयाला साजेशी. कागद घेऊन तो गल्लीभर फिरला. शाळेने वेगळी शिक्षिका नाकारली. दोन महिन्यांनी वर्गशिक्षिकेने वहीत शेरा मारला, "क्षमता आहे, मेहनत नाही." अर्धसुताला तो शेरा पटला. त्या दिवशी पट्टी बोटांवर थांबली नाही.

सूनबाई ठोकळे पिशवीत घालून बाईंकडे गेली. टेबलावर नऊच्या नऊ मांडले. बाईंनी एक उचलून पाहिला.

"सुरेख केलेत. आता वर्षभर ही चाचणी घेता येणार नाही. तिला सगळं पाठ झालंय."

"तिच्या मनगटावर वळ आहेत, मॅडम. वर्षभर तिने काय करायचं?"

"शाळेला पत्र देते. पण मानतील असं नाही." बाहेर पुढचं मूल बसलं होतं.

शाळेने मानलं नाही. पोर आता वर्गात मागे उभी असते. मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. सहज विचारलं, "काय गं, आज काय शिकवलं शाळेत?"

ती उठली. कोपऱ्यातली ठोकळ्यांची पिशवी आणली, माझ्यासमोर बसून नक्षी लावली. अचूक. मग दोन्ही हातांची बोटं जमिनीवर पसरून ठेवली आणि डोळे मिटले.

"वीस सेकंद," अर्धसूत खुर्चीतून म्हणाला. "बघितलंस? मनात आणलं की येतं हिला."