थँक्यू, मॅडम

बाळांनो, तुमच्या जिमचा व्हिडिओ काल पाहिला. आपली ईरा मनगटाला पट्टी बांधून उड्या मारते आहे आणि बाजूचे सगळे ओरडताहेत, थांबू नकोस. मला तो पुढे पाहवला नाही. फोनवर सांगणं जमलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

साताऱ्यातल्या एका मैदानावर मला एकटीला समोर उभं केलं होतं. पुढे घामाने निथळणाऱ्या बायका. त्या एका सुरात म्हणाल्या, ‘थँक्यू, मॅडम.’ मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. तास संपला की मुलं हेच म्हणायची. इथे ते शिवीसारखं लागलं.

माझा गुन्हा एवढाच. गुडघ्यात कळ आली आणि मी उडी मारली नाही.

बायकांचा व्यायामाचा वर्ग घेणारे निवृत्त सुभेदार. मैदान त्यांचं, निम्म्या बायका त्यांच्या भावकीतल्या. पलटणीतला नियम त्यांनी इथे आणला होता. एक थांबली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. आणि जिच्यामुळे, तिचे आभार मानायचे. पलटणीत पोरं विशीतली, महिनोन्‌महिने तयार केलेली. इथे साठीच्या बायका चपला काढून थेट उड्यांना लागत. अंग गरम करणं नाही. कुणाचं काय दुखतं, ही विचारपूस नाही.

‘आवं मॅडम, जगाला इंग्लिश शिकवलंसा. गुडघ्याला बी शिकवा की!’ सुभेदार म्हणाले.

सगळ्या हसल्या. शोभा हसली नाही. शोभा माझी शेजारीण. जतकडची, ब्लाउज शिवून घर चालवणारी.

पुढच्याच आठवड्यात ती माझ्या कानाशी म्हणाली, ‘बाई, टाच लय ठणकतीया.’

‘मग सांग त्यांना.’

‘न्हाई ओ. तुमास्नी थँक्यू म्हनल्या. मला काय म्हनतील?’

शिट्टी वाजली. उड्या सुरू झाल्या. आणि कट् असा आवाज आला, वाळकी काटकी मोडावी तसा. शोभाने मागे वळून पाहिलं. तिला वाटलं, कुणी लाथ मारली. मागे कुणी नव्हतं. ती खाली कोसळली.

‘बाकीच्यांनी चालू ठेवायचं! थांबलात तर परत पयल्यापासनं!’

त्या थांबल्या नाहीत. शोभाभोवती पाय वर जात होते, खाली येत होते. एकीनेही खाली पाहिलं नाही. ते पाय मला अजून दिसतात.

मी थांबले. मातीत तिच्याजवळ बसले.

‘मॅडम, तुमच्यामुळं समद्यास्नी परत...’

‘लावा परत करायला,’ मी म्हणाले. ‘मी उठणार नाही. आणि माझे आभार कुणी मानायचे नाहीत.’

मी तिचा पाय मांडीवर घेतला.

साताऱ्यातच दवाखान्यात शोभाची टाचेमागची तुटलेली शीर, डॉक्टर जिला टेंडन म्हणतात ती, शिवली. जुळली, पण त्या पायात पूर्वीचं बळ आलं नाही. शिलाई मशीन ती आता एकाच पायाने चालवते.

वर्ग अजून भरतो. मी रोज सकाळी मैदानाच्या फाटकाशी उभी राहते. नव्या बाईला गाठते. आधी अंग गरम करा, म्हणते. उडी अगदी शेवटी शिका. दुखलं की तिथेच थांबा, कुणी कितीही हसो.

‘आमची गिऱ्हाइकं तोडता तुमी,’ सुभेदार म्हणतात.

हो, तोडते. उद्याही तोडणार.

थोड्या बायका परत फिरतात. बहुतेक आत जातात. आत शिट्टी वाजते, आणि तो कट् मला पुन्हा ऐकू येतो. तो गेलेला नाही. मीही फाटक सोडलेलं नाही.