आतोबांनी धरलेली मान

अख्ख्या म्हैसुरात चंदनाच्या साबणाशी वैर धरून जगलेला माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला होता : माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. साबण लावला की हरणाला लांबून वास लागतो, असं त्यांचं म्हणणं. घराच्या आसपास हरीण सोडाच, धड शेळीही नव्हती. पण जंगलाचं बोलावणं कधी येईल सांगता येत नाही, म्हणून ते बारा महिने नुसत्या पाण्याने आंघोळ करत आणि आत्या बारा महिने खिडक्या उघड्या ठेवी. लग्नाच्या हॉलमध्ये शिरण्याआधी बोट ओलं करून ते वारा कुठून येतोय हे बघत, मग मागच्या दाराने शिरून थेट पंगतीत प्रकट होत. बोलणंही कायम दबक्या आवाजात. माझ्या सासूबाई त्यांना पहिल्यांदा भेटल्या तेव्हा घाबरून मला म्हणाल्या, “कोणी गेलंय का गं?”

तरुणपणी ते पट्टीचे शिकारी. शिकारीला बंदी आली तेव्हा बंदूक जमा करून आले आणि कितीतरी दिवस घरात एखाद्या पाहुण्यासारखे वावरले. पुढे पुष्कळ वर्षांनी एच. डी. कोटेच्या जंगलात हरणांच्या कानांना बिल्ले लावून त्यांच्या फिरण्याचा अभ्यास करणारी मंडळी आली. त्यांना बंदुकीतून भुलीचं इंजेक्शन अचूक मारणारा माणूस हवा होता. आतोबा नवरदेवासारखे हरखले. आत्या मला म्हणाली, “तू जा बरोबर. वय झालंय, ते त्यांना सोडून सगळ्यांना कळतं.”

म्हणून त्या सकाळी मी तिथे होते. आतोबांनी चितळाच्या एका मादीवर नेम धरला. ती थोडी धावली आणि खाली बसली. आम्ही तिच्या डोळ्यांवर फडकं टाकलं, कानाला पिवळा बिल्ला लागला, बरोबरच्या डॉक्टरीणबाईंनी शुद्धीवर येण्याचं औषध टोचलं आणि सगळे मागे सरले. हरीण उठेना. उलट कुशीवर कलंडलं, पोट फुगू लागलं, श्वास तुटत चालला.

“आडवी पडू देऊ नका! मान वर धरा!” डॉक्टरीणबाई ओरडल्या आणि दुसरं इंजेक्शन भरू लागल्या.

आतोबांनी चिखलात फतकल मारून तिला छातीशी आवळलं. 

“एळम्मा, एळु! ऊठ गं बाई! असं करू नकोस मला!” ते रडत होते, आणि मी काही बोलायला गेले तर, “सुम्मने, गप्प बस पोरी, ती ऐकतेय माझं!”

औषध गेलं.  मग कान हलला, अंगातून एक शिरशिरी गेली, आणि ती बया उठली, आतोबांच्या गुडघ्यावर एक सणसणीत लाथ हाणून झाडीत पसार झाली.

“अम्मा, जगेल ना?” आतोबांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

“लाथ कशी होती?”

“अय्यो, फस्ट क्लास!”

सगळे हसत सुटले. मी तर हसता हसता खालीच बसले.

दुपारी आम्ही परतलो तेव्हा आत्या फाटकाशीच उभी होती. आतोबा लंगडत उतरले.

“पायाला काय झालं?”

“हरिणीनं मारलं.”

“बरं केलं तिनं,” आत्या म्हणाली आणि तिने खांदा पुढे केला. एरवी कुणाचा हात न धरणारे आतोबा मुकाट्याने तिच्या खांद्यावर हात टाकून पायऱ्या चढू लागले. प्रत्येक पायरीवर ती थांबे, मग तेही थांबत. आज दोघंही नाहीत. मी मात्र फाटकाशी उभी राहून अजून त्यांना वर जाताना बघते आहे, आणि मला कसलीच घाई नाही.