ओल्या रानात ट्रॉली

गडहिंग्लजच्या पलीकडं, हिरण्यकेशीच्या काठाला शांतव्वाचं उसाचं रान. नवरा प्रभुलिंग एसटीत ड्रायव्हर. तो आठवड्यातून एकदा घरी येई, रानाची चौकशी करी आणि उत्तर पुरं व्हायच्या आत झोपी जाई. शेती शांतव्वाचीच. ती तापट म्हणून गावभर ठाऊक होती. पण तिच्या रागाला कारण असे, आणि त्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णवच्या हंगामात, ते कारण तिचा धाकटा दीर भीमाप्पा होता.

त्या भागात तोडीच्या आधी ऊस भिजवायची रीतच पडली होती. पाणी प्यालेला ऊस कारखान्याच्या काट्यावर जड भरतो. मग त्याच चिखलात भरलेल्या ट्रॉल्या फिरतात. शांतव्वानंही एकदा तसंच केलं होतं. पुढच्या खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या खुंटांतून येणाऱ्या पिकाला, चाकं फिरली तिथं फुटवाच आला नाही. पाणी दिलं की वर तळं साचे, आणि वीतभर खाली माती कोरडी ठाक. कृषी सहायकानं येऊन चाकोरीत लोखंडी सळई रोवून दाखवली. वीतभर गेली आणि अडली. बांधाच्या कडेला तीच सळई हातभर सरकन उतरली. त्यानं एक खुंट उपटला, तर मुळं खाली जायची सोडून ताटलीसारखी आडवी पसरलेली.

"ओल्यात चाकं फिरली, माती दाबून बसली. मुळांनी तरी जायचं कुठं, बाई?" तो म्हणाला होता.

शांतव्वानं तो खोडवा मोडला. ताग पेरून खतासाठी गाडला, शेणखत ओतलं, नवी लागण केली. आता सळई सगळीकडं सारखी जात होती. हे रान पुन्हा दाबू द्यायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. म्हणून या खेपेला तोडीच्या कितीतरी आधी तिनं पाणी तोडलं.

आणि ऊसतोडीची टोळी यायच्या दिवशी सकाळी ती रानात गेली, तर पाय घोट्यापर्यंत रुतला.

भीमाप्पा मोटारीच्या खोपीत चहा पीत बसला होता. दूध संस्थेचा संचालक, इस्त्रीचं धोतर, टोपी कडक.

"पाणी कुणी सोडलं?"

"मीच की. रात्री लाईट हुती. ऊस वाळाय लागलाता वैनी, वजन घटलं असतं."

"मला इचारलंस?"

"त्यात काय इचारायचं? भलं करा आणि वर ऐकून घ्या."

"तुझं भलं चिखलात हुबं हाय. जा, बघून ये."

तोवर टोळी आली. मुकादम केरबा बांधावर उभा राहिला. शांतव्वानं त्याला सांगितलं, ट्रॉली रस्त्यावर थांबेल, मोळ्या बाहेर आणायच्या. केरबानं तिथंच पडलेली सळई मातीत दाबली. ती लोण्यात गेल्यासारखी गेली.

"अक्का, रान मऊ तर लागतंय. अडचण काय हाय?"

"मऊ हाय, हीच अडचण हाय."

"मग तोडीची पाळी सोडा. शिमग्यानंतर बघू. आमची माणसं एवढ्या लांब वझी न्हाय वाहणार."

शिमग्यापर्यंत उसाला तुरे येऊन त्याचं चिपाड होणार, हे तिघांनाही माहीत होतं. शांतव्वा मागून आलेल्या दिराकडं वळली.

"तू वाहायचं."

"मी?"

"पाणी कुणी सोडलं?"

तोडणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "संचालक, टोपी काढा, चुंबळ घ्या," केरबा म्हणाला. पण संचालकच वाहणार म्हटल्यावर त्याला नाही म्हणता येईना. त्यानं आपली चार माणसं दिली. भीमाप्पानं धोतर खोचलं. शांतव्वाही वाहू लागली. पहिल्या खेपेला तो पुटपुटत होता, पुढं पुटपुटायलाही दम उरला नाही. येणारे-जाणारे बांधावर थांबून दूध संस्थेची चौकशी करत.

दुपारी शांतव्वा टोळीसाठी विहिरीवरून पाणी आणायला गेली. घागर घेऊन आली, तर ट्रॉली रानात. चार सऱ्या चिरडून आत आलेली आणि निम्मीअधिक भरलेली. भीमाप्पा चाकाशी उभा होता. त्याची मान एका बाजूला कलली होती.

"जरा आत घ्या म्हटलं मीच," तो म्हणाला. "मान मोडली वैनी. लोकं बी हसाय लागली."

शांतव्वानं घागर खाली ठेवली. ड्रायव्हर तिच्याकडं बघून घाईनं गाडी मागं घेऊ लागला, तशी ती चाकापुढं जाऊन उभी राहिली.

"भरलेली हलवायची न्हाय. आधी रिकामी कर."

"अहो, मागंच घेतोय की."

"येताना रिकामी हुती, तरी एवढी रुतली. जाताना भरलेली निऊन काय ठेवशील खाली?"

केरबानं एकदा तिच्याकडं, एकदा चाकाकडं पाहिलं आणि माणसांना खूण केली. चढवलेल्या मोळ्या उतरल्या. भीमाप्पानं पुन्हा चुंबळ डोक्यावर घेतली. दिवस मावळायला टेकला तेव्हा शेवटची मोळी रस्त्यावर गेली.

टोळी गेली. शांतव्वानं चाकोरीत सळई रोवली. वीतभर गेली. पाय देऊन दाबली, तरी तेवढीच.

भीमाप्पा मागं येऊन उभा राहिला होता. "उद्या कुदळी घिऊन येतो," तो म्हणाला. "आपुन ही चार सऱ्या खणून काढू."

"ओल्यात खणून आणखी दाबतोस? वाळू दे."

"किती दिस लागतील?"

तिनं सळई उपटून खांद्यावर घेतली. वाळेपर्यंत त्या मातीला हात लावता येणार नव्हता. तोवर रागावण्याखेरीज दुसरं कामच नव्हतं, आणि ते ती नीट करणार होती.