कुसुम नावाचा कॉम्प्युटर

भुताखेतांच्या गोष्टी मला पटत नाहीत, हे आधीच सांगते. कॉम्प्युटर शिकवायचं काम माझं. मशीन आपण सांगू तेवढंच करतं, हे पोरांना रोज सांगणारी मी... तरी लिहितेय, कारण मनात ठेवून ठेवून आता कंटाळा आलाय.

२००७ सालची गोष्ट. जुन्या जालन्यात एका कापड दुकानाच्या वर आमचा क्लास होता. सरांनी माझ्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स टाकायला लावलं आणि म्हणाले, प्रत्येक मशीनला त्या त्या मॅडमचं नाव द्या, म्हणजे प्रिंट कुणी काढली ते कळंल. मी माझं नाव दिलं — प्राजक्ता. हे सासरचं नाव, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं. धावड्याला माहेरी मी कुसुम होते. पण कागदपत्रंसुद्धा बदलून घेतली होती, त्यामुळं क्लासमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं, तर होस्टनेम, म्हणजे मशीनचं नाव — कुसुम!

कुणीतरी चेष्टा केली असेल म्हणून पासवर्ड बदलला. ज्या दोन फाइलींत नाव असतं, त्या दोन्ही दुरुस्त केल्या. नेटवर्कची वायरसुद्धा काढून पाहिली. रीस्टार्ट केलं की पुन्हा कुसुम. प्रिंटरच्या यादीत नाव प्राजक्ता, तो काही कुसुमला ओळखेना, आणि परीक्षा तर तोंडावर आलेली.

सर वैतागले. "मॅडम, चार दिवस झाले, काय करून राह्यल्या तुम्ही? शनिवारपर्यंत पेपर छापून झाले न्हाई, तर मंग मला दुसरं कुणी बघावं लागंल."

घराबाहेर पडायला माझ्याकडं ही नोकरी तेवढी होती. ती गेली असती तर मी पुन्हा चार भिंतींत. शुक्रवारी सगळं पुसून लिनक्स नव्यानं टाकायला घेतलं. नाव विचारणारी चौकट आली... आणि तिच्यात आधीच कुसुम लिहिलेलं! पण खरं सांगू? भीतीपेक्षा थकवाच जास्त होता. "बरं बाई, तुझंच खरं," म्हटलं आणि एंटर दाबलं. प्रिंटरच्या यादीतही तेच नाव टाकलं. पहिल्या झटक्यात पेपर छापून निघाले.

सरांनी यादी पाहिली. "ही कुसुम कोण?"

"मीच," मी म्हणाले. लग्नानंतरच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"छापून राह्यलं ना बराबर? मंग राहू द्या."

घरी यांना सगळं सांगितलं. हे जेवता जेवता थांबले. "नाव बदललं तव्हा वाईट वाटल्तं का तुला?"

"हो."

"मंग तव्हाच सांगायचं न्हाई का?"

"तव्हा इचारलं कुणी?"

यांनी ताट बाजूला सारलं. मला रडू आवरेना.

ते मशीन मोडीत निघेपर्यंत त्याचं नाव पुन्हा बदललं नाही. जाणकारांना विचारून झालं, पण ते नाव तिथं कुठून आलं, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही... मलाही नाही. हे मात्र तेव्हापासून मला कुसुम म्हणतात. सासूबाई जवळपास नसल्या, तरच.