भाच्याचा पाय

वसमतच्या आमच्या कॉलेजात कबड्डी आणली ती मी. त्याआधी तिथं खेळ म्हणजे गॅदरिंगातली संगीत खुर्ची. मी खेळाचा मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा इमारतीमागं नुसत्या बाभळी अन् भेगाळलेली काळी माती. पोरांना हाताशी धरून बाभळी तोडल्या, नदीचा गाळ आणून पसरला, चुन्यानं रेघा मारल्या. हळद शिजवायच्या दिवसांत पोरं कढईवरून थेट सरावाला यायची, पिवळ्या हातांची. काय दिवस होते ते! मी मनसोक्त शिव्या घालायचो, ती दात काढायची, अन् संध्याकाळी माझ्याच घरी येऊन पिठलं-भाकरी हाणायची.

जिंकणं मात्र काही जमेना. शेवटी प्राचार्यांनी निर्वाणीचं सांगितलं, यंदा फायनल गाठा, न्हाईतर त्या मैदानावर गाड्यांचा स्टँड करतो. माझा सगळा जीव त्या मातीत अडकलेला. जेवण गोड लागेना.

त्या साली शिरड शहापूरचं एक शेतकऱ्याचं पोरगं माझ्याकडं होतं. चढाईला आलेल्याचा घोटा त्यानं धरला की सुटणं न्हाई, घोरपडच जणू. सेमीफायनल औंढ्याला, हिंगोलीच्या संघाशी. त्यांचा चढाई करणारा नेमका याच्या थोरल्या बहिणीचा लेक निघाला. मामा-भाचे एका वयाचे, एका ताटात जेवून वाढलेले. आता आमच्याकडं भाचा म्हणजे देव, मामानं त्याच्या पाया पडायचं असतं. म्हणून मी पोराला आधीच बजावलं, रेघेच्या आत नातंगोतं बंद. तो व्हय म्हणाला.

सामना बराबरीत आला अन् शेवटची चढाई भाच्याची. त्यानं आमच्या एकाला शिवलं अन् वळला, तेवढ्यात आमच्या पोरानं त्याचा घोटा धरून त्याला आडवा केला. मी उडीच मारली. अन् बघतो तर काय, आमच्या पोराचा हात घोट्यावरून सुटला अन् स्वतःच्या कपाळाला गेला. भाचा सरपटत रेघेपलीकडं. खेळ खल्लास.

माझं डोकं फिरलं. दंडाला धरून विचारलं, "काहून सोडलंस रे?"

पोरगं रडायच्या बेतात होतं. "सर, पायाला हात लागला अन् आपोआप कपाळाला गेला. मला कळलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांपुढं उभा राहिलो. भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. झालं ते सगळं सांगितलं, पोराची चूक न्हाई म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला चहा पाजला.

"बराबर केलं पोरानं," ते म्हणाले. "भाच्याला कोण पाडतं हो?"

अन् त्याच आठवड्यात गाड्यांच्या स्टँडसाठी मैदानावर मुरूम टाकायला ट्रॅक्टर आला. मी एवढा भांडकुदळ माणूस, पण त्या दिवशी भांडावं कुणाशी, तेच कळेना.